प्रश्न चौदावा

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, आखाती शहरातल्या देरा भागात, सर्वेक्षण कचेरीत, मुग्धानं दोनशे बारावा फॉर्म पुढं ओढला. प्रश्न चौदावा होता : उद्या मानवजात नष्ट झाली, तर ते वाईट होईल का? मराठी फॉर्म सगळे तिच्याकडे यायचे. त्यांवर नाव नसायचं. वाचायचं आणि उत्तराला आकडा द्यायचा : एक म्हणजे भीती, दोन म्हणजे दुःख, तीन म्हणजे पर्वा नाही.

‘वाईट होईल असं वाटत नाही. पन्नास वर्षांनी इथं घराबाहेर पाऊल टाकवणार नाही. अशा जगात मूल कुणाच्या भरवशावर सोडायचं? मी माझ्यापुरतं थांबवलंय. चार वर्षांपूर्वी पुण्याला जाऊन नसबंदी करून घेतली. घरी सांगितलेलं नाही.’

अक्षर तिच्या नवऱ्याचं, तन्मयचं होतं. नऊ वर्षं ती ते फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांत वाचत होती. रास अल खोरला तो काम करायचा त्या गोदामात मागच्या आठवड्यात फॉर्म वाटले होते. गठ्ठा तिनंच बांधून दिला होता.

मूल व्हावं म्हणून तीन वर्षं तिच्या तपासण्या चालल्या होत्या. दोनदा भूल द्यावी लागली, गोळ्यांनी अंगावर सूज चढली. तन्मयची एकच तपासणी राहिली होती. दर वेळी शिफ्ट आडवी यायची.

वेगळं उत्तर सापडलं की प्रमुखांना वाचून दाखवायचं, असा नियम होता. तिनं ते नूरुद्दीनभाईंना हिंदीत सांगितलं. आवाज हलला नाही. ते खूश झाले. सहाशे फॉर्म आले, माणसं संपावीत म्हणणारे त्यात शंभरेक. पण त्यासाठी स्वतः काही केलेला हा पहिलाच. अहवालात हे उत्तर घ्यायचंच, म्हणाले.

“बाकी सब बातें करते हैं, मुग्धाजी. ये अकेला ईमानदार निकला.”

“किससे?” मुग्धानं विचारलं.

नूरुद्दीनभाईंनी मान डोलावली. प्रश्न चांगला आहे, पुढच्या फेरीत घालू, असं म्हणून वहीत टिपून घेतला.

आकड्याची चौकट रिकामी ठेवून ती जिन्यात गेली आणि तिनं फोन लावला. तन्मयनं विचारलं, जेवलीस का? मागं ट्रक रिकामा होत होता.

“तन्मय, आपल्याला मूल झालं तर नाव काय ठेवायचं रे?”

“मुलगी झाली तर ओवी,” तो लगेच म्हणाला, आणि मुलासाठी नावं आठवू लागला.