सुप्रभाची वीण

धाकटी जाऊ सुप्रभा तापानं फणफणली, तरी पलूसच्या चंदनबालानं तिला दवाखान्यात नेऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सुप्रभा गेली.

तिचं सात रंगांच्या लोकरीचं, मोरांच्या नक्षीचं ब्लँकेट अर्धंच राहिलं होतं. साताऱ्याच्या प्रदर्शनात आपल्या नावानं मांडायचं म्हणून चंदनबाला ते पुरं करायला बसली.

पण मोर उतरेनात. एका बाईचा चेहरा उमटू लागला. तिनं तो दोनदा उसवला. तिसऱ्यांदा, भर दुपारी, तो पुरा झाला. तो चंदनबालाचा स्वतःचाच होता.

"आई," लेक भाग्यश्री दारातून म्हणाली, "तू काकूवानी डाव्या हातानं कवापासनं विणतीस?"

चंदनबालानं सुया ठेवायला बघितलं. बोटं थांबेनात. ती त्या चेहऱ्याच्या गळ्याभोवती लाल टाके आवळत गेली, आणि चंदनबालाचा श्वास कोंडू लागला.