न ओढलेली काडी

मंडळी, जवळ सरका, एका सुनेची गोष्ट सांगतो. आजारपणानंतर सासूबाईंना वास येईनासा झाला, तरी स्वयंपाक सोडवेना. इंजिनिअर सुनेने स्वयंपाकघरात सेन्सर बसवले, सासूबाईंच्या मनगटावर पट्टा बांधला आणि सगळ्यांचं ऐकणारं एक बोलकं यंत्र कोपऱ्यात ठेवलं. सासूबाई फणकारल्या, “भिंतींना कान होतेच, आता शेगडीलाही फुटले!” एकदा एकट्याच दूध ढवळत होत्या. मनगटावरचा पट्टा म्हणाला, हात ढवळतोय. शेगडीचं बटण म्हणालं, मी चालू. पातेलं म्हणालं, मी अजून गारच. एकेकाचं बोलणं साधंच. पण सुनेच्या यंत्राने तिघांची साक्ष जुळवून ओळखलं, गॅस सुटलाय, पेटलेला नाही. ज्योत दिसेना, तशी सासूबाईंनी काडी पेटीवर टेकवली, तोच यंत्रातून सुनेचा आवाज आला, “आई, काडी ओढू नका! बटण बंद करा, खिडक्या उघडा!” संध्याकाळी सून कामावरून येताच दारातच सासूबाई म्हणाल्या, “पोरी, पहिल्यांदाच तुझं ऐकलं, म्हणून वाचले!” देवाचं नाव घ्याल तेव्हा त्या सुनेलाही आठवा.