ताकदीची गोळी

जिभेखाली धरलेली तांबडी गोळी यशोदाबाईनं पदराच्या टोकात घेतली आणि चुलीमागं जाऊन पाट्यावर रगडली. पूड ताकाच्या पेल्यात टाकली, वरून जिरं-मीठ घातलं, बोटानं ढवळलं.

"आवो, ताक घ्या."

ओसरीवर बसलेल्या रामकिशननं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडू लागून राहिलं."

"तुमच्या तोंडालाच चव न्हाई. हळू घ्या."

बायकोच्या हातचं म्हणून त्यानं पेला रिकामा केला. पेला धरताना तळहाताची निघालेली सालं तिला दिसली. तिनं नजर वळवली.

संक्रांत झाल्यावर दोघं नांदेडच्या दवाखान्यात जाऊन आले होते. रामकिशनचा खोकला हटत नव्हता. तिचंही पोट जड असायचं. दोघांचं रक्त काढलं, दोघांना मशीनमध्ये झोपवलं. तपासणीचे कागद आणायला मात्र मुलगा, मुन्ना, एकटाच गेला. परत आल्यावर आधी तो बापासोबत शेतातल्या आखाड्यावर, गोठ्याकडं, चक्कर मारून आला, मग मायजवळ बसला. त्याचे डोळे सुजले होते.

"माय, बाची तब्येत लई नाजूक हाय. गोळ्या बराबर गेल्या तर दोन-चार वर्षं निघतेत. चुकल्या तर डॉक्टर म्हणतेत, तीन महिने. बाला मात्र कळू देऊ नको."

'काहून' असं तिनं विचारलं नाही. तिची थोरली बहीण मोतीबाई रोगाचं नाव ऐकून भिंतीकडं तोंड करून निजली, ती उठलीच नव्हती. डॉक्टरांनी तिला वर्ष दिलं होतं, ती एकवीस दिवसांत गेली. "मोती रोगानं न्हाई, धास्तीनं गेली," असं रामकिशनच दहा जणांना सांगायचा.

मुन्नानं दोन डब्या आणल्या होत्या. पांढऱ्या गोळ्या बापाच्या, तांबड्या मायच्या. "तुझ्या ताकदीच्या हायेत. सेवा करणारं माणूसबी टिकलं पायजे, म्हणून दिल्या."

रामकिशन रोज सकाळी हट्ट धरायचा. "आधी तू घे. तू घेतल्याबिगर मी घेत न्हाई. लग्नात घास आधी कुणी भरवला होता?"

"तुमीच. अन् बोट चावलं म्हणून मांडवात बोंबलले बी होते."

हसता हसता ती गोळी तोंडात टाकायची. रामकिशन तिच्या गळ्याकडं बघत राहायचा. ती पाणी पिऊन दाखवायची, आणि गोळी जिभेखालीच राहायची. औंढ्याच्या नागनाथाला तिनं सांगून ठेवलं होतं, 'देवा, माझ्या वाटणीचं त्यांच्या अंगी लागू दे.'

पण लागत नव्हतं. रामकिशनला भाकर जाईना. तळपाय पेटल्यासारखे जळायचे. दुपारी आखाड्यावर जायचा तो आता ओसरी उतरेना. मुन्ना बापाकडं बघून गोंधळून जायचा, डॉक्टरकडं चला म्हणायचा. रामकिशन म्हणायचा, "उन्हाळा हाय. तुझ्या मायचं काय चाललंय ते बघ."

मायचं हळद शिजवणं चाललं होतं. कढईजवळ शेजारची रूपाबाई तिला म्हणाली, "यशोदे, डोळे लई पिवळे दिसून राहिले तुझे."

"आगं, महिनाभर हळदीत हाय मी. या दिवसांत आपल्या शिरड गावचं कुत्रंबी पिवळं दिसतं."

"वाळलीसबी."

"उपास धरलेत. सोमवार, एकादशी, शनिवार."

"मंग खातीस कवा?"

"नाम घेतलं की पोट भरतं," यशोदाबाई म्हणाली. खरंच तिला घास नको वाटायचा. देवानं उपास मानून घेतला, असंच ती समजत होती.

चैत्रात गावात सप्ताह बसला. काल्याच्या दिवशी सकाळी मुन्नानं बापाला खांद्याला धरून मांडवात आणलं. टाळ थांबले तेव्हा महाराज म्हणाले, "माउली, औषध शरीराला लागतं, पण ते पचवायला आशा लागते. आपल्या माणसापासून आशा झाकून ठेवू नका. पदरात काय धरलं असेल तर मोकळं करा!" मृदंगावर थाप पडली. यशोदाबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या. आपण एवढी आशा धरून बसलो, आणि ज्याला ती पायजे त्यालाच सांगितली नाही.

हंडी फुटली. लाह्या-दह्याचा प्रसाद घेऊन ती बायकांतून उठून रामकिशनजवळ येऊन बसली.

"एक सांगू? चिडू नका. तुमच्या आजाराचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय."

रामकिशननं मान खाली घातली. "व्हय का?"

"डॉक्टरनं तीन महिने म्हटले होते. ते सरत आले, अन् तुमी माझ्यापुढं बसलेत. घाबरू नका आता. तुमच्या अंगात दोन माणसांची ताकद जाऊन राहिली."

"दोन माणसांची?"

"माझ्या तांबड्या गोळ्याबी तुमालाच देऊन राहिले. ताकातून. मला काय करायची ताकद?"

रामकिशनच्या हातातला प्रसाद सतरंजीवर सांडला.

"कवापासून?"

"पहिल्यापासून. नागनाथाची शपथ, एकबी गिळली न्हाई."

तो आपल्या सोललेल्या तळहातांकडं बघत राहिला. मग इतक्या मोठ्यानं ओरडला, की पंगतीत वाढणारा मुन्ना बादली टाकून धावत आला आणि त्यानं बापाला दोन्ही हातांनी धरलं.

"बा, काय व्हायलं? लई तरास होतोय का?"

रामकिशननं त्याचे हात झिडकारले.

"मला काय धरतूस? मला कुठं काय झालंय? मायला धर, गाडी काढ. तिच्या रोगाची एक गोळी तिच्या पोटात गेली न्हाई."