दोन सरकारांची मंजुरी

“बनू गो, वकिलातीच्या गालिच्यावर निळे मोर हायत. रोज मीच झाडतो, पन माज्या पायाला तिथं बंदी!” परदेशातल्या चाकरीवरनं रजेला आला, की सदू बहिणीला हसत सांगायचा.

तो तिकडंच वारला. त्यानं सोबत नेलेला आपल्या आईचा पाटा तेवढा परत मिळावा, म्हणून बनुबाई वरंधहून महाडला गेली. वकिलातीतले साहेब निवृत्त होऊन तिथं बंगल्यात राहत होते.

“पाटा आता वकिलातीचा, बाई. परदेशातली सरकारी मालमत्ता हलवायला दोन्ही सरकारांची मंजुरी लागते. चमचासुद्धा आणता येत नाही!”

बोलता बोलता साहेबांच्या तोंडातल्या पानाचा लाल थेंब खाली उडाला. मघापासून खालीच बघत बसलेल्या बनुबाईनं मान वर केली.



“मंग साहेब, तुमच्या पायाखालचे हे निळे मोर कुनाच्या मंजुरीनं उडून आले?”