आवाज बाहेर जाता कामा नये

"माइक कुठं ठेवणार, ताई?" रिकाम्या खोलीच्या मधोमध उभं राहून मन्सूरनं टाळी वाजवली. टाळी भिंतींवर आपटून परत आली.

"अजून आणला नाही," स्नेहल म्हणाली. "आधी खोली, मग माइक, असं ह्यांचं म्हणणं."

घरात कुलदीप म्हणेल ती पूर्व दिशा. चाकणच्या कंपनीत दिवसभर प्रेस मशीनच्या धडधडीत उभा राहणाऱ्या तिच्या नवऱ्याला आता गाणी रेकॉर्ड करायची होती. त्यासाठी काळेवाडीतल्या दोन खोल्यांपैकी आतली त्यानं रिकामी करून घेतली. अट एकच, आवाज बाहेर जाता कामा नये.

अटीला कारणही होतं. शेजारच्या साधनाकाकूंनी गेल्या आठवड्यात स्नेहलला जिन्यात गाठलं होतं. "पुन्हा आवाज आला ना, तर मी सरळ पोलिसांना बोलावणार," त्या म्हणाल्या. कुलदीप मागून येत होता, त्यानं ते ऐकलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं मन्सूरला काम सांगितलं.

मन्सूरचं चिखलीत गाड्यांच्या सीट शिवायचं दुकान. पोरं घरोघरी स्टुडिओ काढायला लागल्यापासून तो हेही करायचा. कोपऱ्यांत त्यानं जाड ठोकळे बसवले, भिंतींवर खाचांचा करडा फोम चिकटवला. पुन्हा टाळी वाजवली. या वेळी ती हातातच विझली.

तो स्टुलावरून उतरला. "ताई, एक सांगून ठेवतो. ह्यानं खोलीतला घुमारा जातो. बाहेर जाणारा आवाज थांबत न्हाई. लोकांचा गैरसमज असतो. त्याला आतून दुसरी भिंत लागंल, जड दार लागंल. साहेबांना फोन लावू का?"

स्नेहलनं त्याच्या हातात चहाचा कप दिला. एप्रिलच्या उकाड्यातही तिच्या कुर्त्याच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या.

"म्हणजे शेजारी ऐकू जाईल?"

"आत्ता जातंय तेवढंच जाणार."

"मग राहू द्या असंच. त्यांना बोलू नका."

"उद्या माझ्या नावानं खडे फोडतील."

"नाही फोडणार. काय सांगायचं ते मी सांगेन."

मन्सूरला काही पटलं नाही, पण सामान उचलून तो गेला. स्नेहलनं फोमचा चुरा झाडून काढला. भीती, राग, काहीच वाटेनासं होऊन महिने झाले होते. मन बधिर होतं, हात तेवढे चालत होते.

संध्याकाळी कुलदीप शिफ्टवरून आला. खोलीत उभं राहून त्यानं मोठ्यानं हाक मारली. हाक जागच्या जागी मेली. तो भलताच खूश झाला.

"आता कुणाच्या बापाला ऐकू जात नाही. काय?"

"नाही जात," स्नेहल म्हणाली.

त्यानं दार लावलं, कमरेचा पट्टा काढला आणि हाताला गुंडाळला. भिंतीपलीकडे साधनाकाकूंच्या कुकरची शिट्टी झाली. स्नेहलनं दरवेळी दातांत धरायची ती ओढणी खाली टाकली आणि छाती भरून श्वास घेतला.