बाबांची थाप

सहाशे खेळाडू, सत्तर टेबलं, आणि दोन दिवसांनी उरले ते दोघंच: बाबा आणि लेक. पोकर तिला बाबांनीच शिकवलेला. "मोठ्या स्पर्धेत जिंकायची घाई करायची नाही, टिकायचं. आजूबाजूचं एकेक टेबल मोडत जातं, आपण मोडायचं नाही," हे त्यांचं कायमचं पालुपद.

शेवटचं पान उघडलं आणि बाबांनी आपल्या सगळ्या चिप्स पुढे लोटल्या.

"दोन राजे आहेत माझ्याकडे. मुकाट्याने पानं टाकून दे, बरं का."

लेकीच्या हातात नुसती अठ्ठ्यांची जोडी. चुकली, तर दोन दिवसांच्या मेहनतीवर पाणी. बाबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती.

"दाखवा पानं," म्हणत तिने तेवढ्याच चिप्स पुढे सरकवल्या.

बाबांकडे निघाली सत्ती आणि दुर्री. टाळ्यांचा कडकडाट झाला. हरूनही बाबांचीच छाती फुगली होती. "कार्टे, ओळखलंस कसं?"

"आज दोनदा थाप मारताना पकडले गेलात ना, दोन्ही वेळा शेवटी 'बरं का' म्हणालात. पानं खरी असली की नाही म्हणत."

बाबा एकदम हसायचे थांबले. त्यांना एवढं काय लागलं, ते लेकीला कळेना. मग चिप्स ओढायला गेलेला तिचा हात वाटेतच थबकला. सकाळी चहाचा कप खाली ठेवत बाबा म्हणाले होते,

"दवाखान्यातून रिपोर्ट आले. सगळं नॉर्मल आहे, बरं का."