जेवणानंतरचा रियाज

नंदलालने पलंगाखालून पेटी ओढली, तिच्यावरची कांद्याची टोपली सरकवली आणि टरफलं फुंकत आत ओरडला, "शोभा, इकडे ये वो! साहेबांले एखादं गाणं वाजवून दाखव."

जवाहरनगरच्या त्या क्वार्टरमध्ये फॅक्टरीतले साहेब पहिल्यांदाच जेवायला आले होते. नंदलालचं प्रमोशन त्यांच्या हातात होतं, म्हणून कोंबडा कापला होता. साहेब अजून नळी चोखत होते. रस्सा कोपरापर्यंत ओघळला होता. शोभाने सकाळीच पुसलेल्या फरशीवर चघळलेली हाडं पडली होती. शेवटी साहेबांनी ताटातच हात धुतले आणि खळखळून चूळही तिथेच टाकली. शोभाने पदर नाकाला लावला.

ती पेटीपुढे बसली. ही पेटी तिने लग्नात माहेरून, आंधळगावहून आणली होती. रोज अर्धा तास मिळावा, एवढंच तिला हवं होतं. पण सकाळी फॅक्टरीच्या बसच्या आधी नंदलालचा डबा, मग नळाचं पाणी, धुणं, पोरांच्या शाळा. दुपारी बसावं, तर रात्रपाळीच्या आठवड्यात नंदलालची झोप मोडायची.

तिने भाता हलवला. बोटं अडखळली. दोन सूर चुकले. साहेब ढेकर देत हसले.

"सूर काहून चुकून राहिला?" नंदलाल खेकसला. मग साहेबांकडे वळून ओशाळं हसत म्हणाला, "दिवसभर रिकामीच असते साहेब, पण प्रॅक्टिस म्हणून करत नाही."

शोभाचे हात थांबले. तिने पदराने एकेक पट्टी पुसली. मग सा धरला, चांगला लांबवून. मग रे. मग ग.

"अवो, गाणं वाजव ना!"

"पहिले रियाज," ती म्हणाली.

सरगम वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. साहेबांनी सुपारी मागितली. ती उठली नाही. थोड्या वेळाने "अच्छा, चलते हैं," म्हणत साहेबच उठले. नंदलाल हात जोडत त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेला.

परत आला तेव्हा ताटातल्या गढूळ पाण्यावर माशा बसल्या होत्या. शोभा वाजवतच होती.

"साहेब नाराज होऊन गेले न! बंद कर ते. ताटं उचल."

"तुमीच उचला. मले किळस येऊन राहिली."

"कायची?"

शोभाने भाता चालूच ठेवला. तिचं बोट वरच्या 'सा'वर पोचलं होतं, आणि या वेळी ते चुकलं नाही.